शेजारचं वायफाय आणि आपला छंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात माझं राउटर लावण्या-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. फर्मागुडीच्या बाजूनं कॉलेजची मुलं येतात, डोंगल बघतात, आणि दुकानात दुसरं कुणी नाही असं पाहून काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारतात, वायफायची सिक्युरिटी तपासायचा हा छंद कुठवर चालतो. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. दुसऱ्याचा पासवर्ड कसा काढायचा ते ह्यात कुठेही नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी वाचत असाल तर वेळ वाया घालवू नका. आणि मी वकील नाही. कलमं दिली आहेत ती मुळातून वाचा, आणि अडचणीत असाल तर वकिलाकडेच जा.

वायफायची सिक्युरिटी तपासायला शिकणं हाच गुन्हा आहे का?

नाही. लॅपटॉपवर काली लिनक्स (सिक्युरिटी तपासायच्या टूल्सचा संच) टाकणं, वायरशार्क ह्या टूलमध्ये स्वतःच्या राउटरची पॅकेटं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाचे तुकडे, बघणं, स्वतःचाच पासवर्ड किती कच्चा आहे ते तपासणं, ह्यात गुन्हा काही नाही. दुसऱ्याचं जिथे सुरू होतं तिथे गुन्हा सुरू होतो, आणि वायरलेसमध्ये नेमकं तेच दिसत नाही. भाटाला वई, म्हणजे बागेला कुंपण असतं, घराला भिंत असते. लहरींना काही नसतं. आमच्या जुन्या घराच्या चिऱ्याच्या भिंती दीड फूट जाड आहेत. पुढच्या खोलीतला राउटर स्वयंपाकघरात धड चालत नाही, पण कौलांतून आणि खिडकीतून निघून शेजाऱ्याच्या विहिरीपाशी त्याच्या दोन काड्या मिळतात. 'माझ्याच घरात करतोय' ह्या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

कायदा नेमका काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चं कलम ४३ आधी वाचा. मालकाच्या किंवा त्या यंत्रणेचा ज्याच्याकडे ताबा आहे त्याच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं, त्यातला डेटा काढून घेणं, ते विस्कळीत करणं, हक्काच्या माणसाला ते वापरता येणार नाही असं करणं, हे सगळं त्यात येतं. ह्या कलमाखाली नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात. हेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केलं की कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर कलम ६६सी आहेच.

आता मुलांचं ठरलेलं वाक्य: 'पण माझा हेतू वाईट नव्हता.' कलम ६६ मध्ये हेतूला महत्त्व आहे. कलम ४३ मध्ये प्रश्न परवानगीचा आहे. आणि 'मी सुरक्षेसाठी संशोधन करत होतो' असं म्हणणाऱ्याला सूट देणारी स्पष्ट तरतूद आपल्याकडच्या कायद्यात नाही. ती असायला हवी असं माझं मत आहे, पण माझ्या मतावर जामीन मिळत नाही.

शिवाय दूरसंचार अधिनियम २०२३ आहे. त्याच्या कलम ४२ प्रमाणे दूरसंचार नेटवर्कमध्ये परवानगीवाचून शिरणं किंवा तसा प्रयत्न करणं, आणि बेकायदा रीतीनं दुसऱ्याचे संदेश मधल्यामध्ये पकडणं, ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारनं 'संरक्षित' म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेला हात लावायचा नुसता प्रयत्न केला तरी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७० खाली १० वर्षांपर्यंत जाता येतं. कुठली यंत्रणा संरक्षित आहे हे तुमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर लिहिलेलं नसतं.

मी शिरत नाही, नुसतं ऐकतो. मग?

काय ऐकता त्यावर आहे. राउटर आपलं नाव सेकंदाला साधारण १० वेळा ओरडून सांगत असतो. ती नावं वाचणं म्हणजे तिस्कावरून चालताना दुकानांच्या पाट्या वाचण्यासारखं आहे. प्रत्येक फोन तेच करतो. पण नाव वाचून पुढे आतली पॅकेटं जपून ठेवायला लागलात की पाटी सोडून तुम्ही दुकानातलं बोलणं ऐकायला लागलात.

हा फरक मोठ्यामोठ्यांना कळला नाही. २०१० मध्ये गुगलनं कबूल केलं की रस्त्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या त्यांच्या गाड्यांनी जाता जाता उघड्या वायफायमधला लोकांचा मजकूरही गोळा केला होता. नेटवर्कची नावं टिपायला बसवलेल्या यंत्रणेत तो आला. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ३८ राज्यांशी ७० लाख डॉलरवर त्यांची तडजोड झाली. गाडी रस्त्यावर होती, नेटवर्कला पासवर्ड नव्हता, कुणी कुलूप तोडलं नव्हतं, तरीही.

एक मुलगा मला मोठ्या अभिमानानं त्याची फाइल दाखवत होता. पणजीहून फोंड्याला येणाऱ्या कदंब बसमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून त्यानं प्रवाशांच्या फोनांच्या हाका टिपल्या होत्या. फोन ओळखीचं वायफाय शोधताना जुन्या नेटवर्कची नावं पुकारतो. नवे फोन ह्या बाबतीत शहाणे झाले आहेत, वायफायवरचा स्वतःचा पत्ताही बदलत राहतात, पण कदंबच्या संध्याकाळच्या गाडीत सगळेच फोन नवे नसतात. यादीत एका इस्पितळाचं पाहुण्यांसाठीचं वायफाय होतं, एका वकिलाच्या ऑफिसचं होतं, आणि एका बारचं. बस एखाद्या थांब्यावर थांबली तेव्हा कोणता फोन उतरला हेसुद्धा त्यातून दिसत होतं. मी त्याला विचारलं, 'ह्यातल्या कुणाला सांगितलं होतंस?' तो म्हणाला, 'मी नावं थोडीच घेतली?' नाव नव्हतंच. पण रोज त्याच गाडीनं जाणाऱ्या माणसाला नाव लावायला चार दिवस पुरतात. फाइल त्यानं माझ्यासमोर डिलीट केली. दुसरी प्रत नसेल असं मी धरून चाललो आहे.

पासवर्डच नाही ठेवला, म्हणजे वापरा असंच म्हणतात ना ते?

नाही. पंचायतीनं किंवा हॉटेलनं 'मोफत वायफाय' म्हणून पाटी लावली असेल तर वापरा. कुणाचा तरी पासवर्ड ठेवायचा राहिला म्हणून मिळतंय, ते आमंत्रण नव्हे.

ह्याची दुसरी बाजू उघडं वायफाय ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेला होता. त्याचा कटाशी संबंध नव्हता, वायफाय मात्र त्याचं होतं, आणि पोलीस आधी पोचले ते त्याच्याच दारात. उघड्या वायफायकडे सरकार डोळे वटारून बघायला लागलं ते त्या वर्षापासून. तुम्ही गंमत म्हणून कुणाच्या नेटवर्कवर बसता तेव्हा त्याच्या नावावर तुमचा माग राहतो, आणि उद्या त्याच्यावर काही बालंट आलं तर तपासात तुमच्याही लॅपटॉपचा पत्ता निघतो.

किनाऱ्यावरच्या शॅकच्या (झोपडीवजा हॉटेलाच्या) फळ्यावर खडूनं पासवर्ड लिहिलाय. मग तरी टेस्ट करू ना?

मासे खायला आलात, मासे खा. पासवर्ड मिळाला तो नेट वापरायला. शेजारच्या टेबलावरचा फोन कुठे काय करतोय ते बघण्याची परवानगी फळ्यावर लिहिलेली नाही.

ओळखीच्या हॉटेलवाल्यानं तोंडी सांगितलंय, 'कर रे चेक'. तेवढं पुरे?

पुरे नाही. हे मी चटका बसल्यावर शिकलो.

मोरजीच्या बाजूला एकाचं होमस्टे आहे, सात खोल्यांचं. जुना ओळखीचा. चहा पिता पिता म्हणाला, 'दादा, आमचं वायफाय सेफ आहे की नाही ते बघ ना एकदा.' मी तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. काही तोडलं नाही, पण नेटवर्कवर कोणकोणती यंत्रं आहेत त्याची यादी काढली. त्यात रिसेप्शनचा संगणक निघाला, आणि त्याचं एक फोल्डर सगळ्या नेटवर्कला उघडं होतं. होमस्टे चालवणाऱ्यांना ठाऊक असेल त्या फोल्डरमध्ये काय असतं: परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरावा लागतो, त्यासाठी पासपोर्टाची आणि व्हिसाची प्रत घेतात. मला फाइलींची नावं दिसली. उघडल्या नाहीत, पण नावांतच माणसांची नावं होती. मालकानं परवानगी दिली होती ती त्याच्या वायफायसाठी. त्या पाहुण्यांना कुणी विचारलं होतं?

आणखी एक भानगड झाली. माझ्या स्कॅनमुळे वरच्या खोलीतल्या पाहुण्याच्या लॅपटॉपवर त्याच्या अँटिव्हायरसनं धोक्याचा इशारा दिला. तो खाली आला, रिसेप्शनवरच्या मुलीवर ओरडला. मालकानं तिला काही सांगितलेलं नव्हतं, मीही नव्हतं. बिचारी रडवेली झाली. त्या दिवशी कुणी पोलिसांत गेलं असतं तर माझ्याकडे दाखवायला चहाचा कप होता.

तेव्हापासून एक पानाचा कागद करतो. मालकाचं नाव आणि सही. नुसता मॅनेजर असेल तर मालकाचं पत्र. कुठल्या नावाचं नेटवर्क आणि कुठला राउटर. कुठल्या दिवशी, किती ते किती वाजेपर्यंत. काय करणार आणि काय अजिबात करणार नाही. पाहुण्यांच्या यंत्रांना हात लावायचा नाही हे वाक्य नेहमी असतं. काही सापडलं तर कुणाला सांगायचं, गोळा झालेलं कधी पुसायचं. आणि काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा. कोकणीत, मराठीत, कशातही लिहा, पण लिहा. कागद बघून मालकाचा चेहरा पडला तर समजा की त्याला खरं म्हणजे टेस्टिंग नकोच होतं.

त्या होमस्टेत पाहुण्यांचं नेटवर्क आता वेगळं आहे. रिसेप्शनचा संगणक तारेवर आहे.

राउटर माझाच आहे. मग परवानगी कुणाची घ्यायची?

आधी खात्री करा की तो तुमचाच आहे. केबलवाल्यानं बसवलेला डबा बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचा असतो, त्यात तिची सेटिंगं असतात. भाड्याच्या घरात घरमालकाचं कनेक्शन असेल तर मालक तो. आणि घरातल्यांनाही सांगा. आईची सिरीयल आणि बहिणीची ऑनलाइन परीक्षा ह्या गोष्टी तुमच्या प्रयोगाहून मोठ्या आहेत.

हे सगळं करूनही माझं चुकलं ते सांगतो. चतुर्थी होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसून मी डीऑथ तपासत होतो, म्हणजे फोनला 'तू राउटरपासून तुटलास' असा खोटा निरोप पाठवायचा आणि तो तुटतो का ते बघायचं. राउटर माझा, फोन माझा. टूल मात्र असं होतं की कुठल्या नेटवर्कवर चालायचं त्याची यादी दिली नाही तर समोर येईल त्या प्रत्येक नेटवर्कला तो निरोप पाठवायचं. यादी द्यायची मी विसरलो. माझा फोन तुटला, मी खूश. पाच-सात मिनिटं तसंच चालू ठेवून आत चहा आणायला गेलो.

परत येतो तर वईपलीकडून शेजारची मावशी: 'बाबा, तुजें नेट आसा? म्हजें गेलां.' तिचा मुलगा बोटीवर. बोट बंदराला लागली की तो व्हिडिओ कॉल करतो, कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं. तोच कॉल चालू होता. फोन हातात तसाच धरून ती उभी होती, पडद्यावर गोल फिरणारं चक्र. मी लॅपटॉप बंद केला, तिला जे झालं ते सांगितलं. डीऑथ म्हणजे काय ते तिला समजायचं कारण नव्हतं. तिला एवढंच कळलं की मी केलं. मुलाचा फोन पुन्हा लागला, पण तोवर त्याची ड्युटी सुरू व्हायला पाचच मिनिटं उरली होती.

ती अजून माझ्याशी नीट बोलते. फक्त नेट गेलं की केबलवाल्याच्या आधी मला विचारते, 'तूच ना?'

डीऑथ इतकं सोपं कसं? कंपन्यांना हे माहीत नाही?

माहीत आहे, कधीपासून. वायफायच्या मूळ रचनेत जोडणी तोडण्याचा निरोप कुणी पाठवला हे तपासायची सोयच नव्हती. २००९ मध्ये त्यासाठी ८०२.११डब्ल्यू नावाची दुरुस्ती आली, आणि २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ह्या वायफायच्या नव्या सुरक्षा-पद्धतीत ती सक्तीची झाली. पण वीज पडून जळेपर्यंत राउटर बदलायचा नाही अशी आपली रीत, त्यामुळे गावोगाव अजून जुनेच डबे चालतात.

'स्वतःच्या जागेत मी कुणाचंही तोडीन' असं म्हणणाऱ्या हॉटेलवाल्यांसाठी एक दाखला. अमेरिकेत नॅशव्हिलमधल्या मॅरियटच्या एका हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट असेच तोडत होते. २०१४ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाकडे त्यांना ६ लाख डॉलर भरावे लागले. हॉटेल त्यांचंच होतं.

जॅमर, म्हणजे आसपासच्या लहरीच बंद पाडणारं यंत्र, ही तर ह्याच्याही पुढची पायरी. आपल्याकडे सरकारनं खास परवानगी दिल्याशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे, खाजगी माणसानं तो विकत घेणंही. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं हे पुन्हा एकदा बजावलं होतं. त्याच सूचनेत मोबाइलची रेंज वाढवणारे बूस्टरही होते. सत्तरीत आणि सांग्यात रेंज नाही म्हणून लोक ऑनलाइन बूस्टर मागवतात, आणि मग अख्ख्या वाड्याचे फोन बिघडतात. मागवू नका.

शेजारच्या काकांचा वायफाय पासवर्ड त्यांचा मोबाइल नंबर असणार, पैजेवर सांगतो. करून बघू का, त्यांना पटवायला?

करून बघू नका. पटवायला गणित पुरतं. आपल्याकडचा मोबाइल नंबर १० आकडी, सुरुवात ६ ते ९ मधल्या कुठल्यातरी आकड्यानं. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण डब्ल्यूपीए२ च्या (डब्ल्यूपीए३ च्या आधीच्या पद्धतीच्या) बाबतीत गेम खेळायचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड तेवढं काही तासांत उरकतं. ज्याला काकांचा नंबर माहीत आहे त्याला तर तेवढाही वेळ लागत नाही, आणि काकांचा नंबर त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलेला आहे.

त्यांना सांगायचं कसं, हा खरा अवघड भाग. 'तुमचा पासवर्ड मला माहीत आहे' असं म्हणत घरात शिरलात तर उद्यापासून त्यांच्या घरातली प्रत्येक अडचण तुमच्या नावावर. माझी पद्धत अशी: आधी स्वतःची फजिती सांगायची. 'काका, माझाही आधी मोबाइल नंबरच होता, बदलला.' मग त्यांनाच टाइप करू द्यायचं. कोकणी-मराठी मिसळून चार-पाच असंबद्ध शब्द, जे त्यांना आठवतील आणि दुसऱ्याला सुचणार नाहीत. देवाचं नाव नको. म्हार्दोळ-मंगेशीच्या परिसरात काय काय पासवर्ड असतील ते मीही सांगू शकतो. तो टाइप करताना तुम्ही खिडकीबाहेर बघा.

एखाद्या दुकानात किंवा संस्थेत मोठा दोष दिसला तर?

पहिली गोष्ट, कसा दिसला? परवानगीनं काम करताना दिसला तर कागदावर ठरलं होतं त्या माणसाला सांगा. नकळत समोर आला, उदाहरणार्थ दवाखान्यात बसल्या बसल्या फोनवरच दुसऱ्यांच्या रिपोर्टांचं फोल्डर दिसलं, तर तिथेच थांबा. 'नक्की काय आहे बघू' म्हणून एक पाऊल पुढे टाकलंत की तुम्ही साक्षीदाराचे आरोपी होता. काय दिसलं, कधी, कुठे, एवढं लिहून ठेवा.

मग मालकाला सांगा. त्यानं हाकलून दिलं, किंवा दोष एखाद्या कंपनीच्या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्येच असला, तर भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था त्यासाठीच आहे. ती दोषांची माहिती घेते आणि कंपनीशी बोलते. हे सबुरीचं काम आहे. डब्ल्यूपीए२ मधला 'क्रॅक' नावाचा मोठा दोष बेल्जियमच्या माथी व्हानहूफनं शोधला, तेव्हा त्यानं जुलै २०१७ मध्ये कंपन्यांना कळवायला सुरुवात केली आणि जगाला सांगितलं ते १६ ऑक्टोबरला. मधले तीन महिने तो गप्प राहिला. आपल्याला व्हॉट्सॲप स्टेटस टाकायला तीन मिनिटं धीर निघत नाही.

आणि 'एवढे पैसे द्या, मग सांगतो' असं चुकूनही म्हणू नका. त्याला खंडणी म्हणतात. काम दिलं तर त्याचे पैसे जरूर घ्या, पण दोष सांगून झाल्यावर.

कॉलेजचं नेटवर्क?

नाही. लॅबच्या सरांनी लेखी दिलं आणि वेगळा राउटर दिला तर त्या राउटरवर. वसतिगृहाच्या वायफायवर कधीच नाही.

एसडीआर डोंगल, फ्लिपर, उपग्रहाचे फोन, ह्यांचं काय?

एसडीआर डोंगल म्हणजे लॅपटॉपला लावून निरनिराळ्या रेडिओ लहरी ऐकायचं यंत्र, फ्लिपर म्हणजे लहरींशी खेळायचं खिशातलं यंत्र. गोवा दिसायला सुशेगाद आहे, लहरींच्या बाबतीत नाही. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे, मुरगावला बंदर आहे. अशा ठिकाणी गाडी उभी करून अँटेना बाहेर काढून बसणाऱ्याला 'छंद आहे हो' हे पटवून द्यायला फार कष्ट पडतील. वैमानिक, पोलीस, नौदल ह्यांचं बोलणं ऐकणं आणि त्याची क्लिप ग्रुपवर टाकणं, दोन्ही करू नका. आणि प्रसारण करायचं तर लहरींचे परवानामुक्त पट्टेच वापरा, तेही ठरलेल्या पॉवरच्या आत.

थुराया आणि इरिडियमचे उपग्रह फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय चालत नाहीत. डोंगरात भटकणाऱ्या परदेशी लोकांना हे ठाऊक नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं उपग्रहाशी बोलणारं हाताएवढं यंत्र सामानात सापडलं म्हणून एका परदेशी पर्यटकाला पोलिसांच्या फेऱ्यात अडकावं लागलं. तुमच्याकडे पाहुणे उतरत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

रेडिओचीच ओढ असेल तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना काढा. केंद्र सरकारची परीक्षा असते, वयाची १२ वर्षं पूर्ण लागतात, आणि व्हीयू२ किंवा व्हीयू३ नं सुरू होणारं स्वतःचं नाव मिळतं. मग हवेत उजळ माथ्यानं बोला.

घरी सरावाची जागा कशी करू?

दोन जुने राउटर, एक जुना फोन, एक लॅपटॉप. एवढं पुष्कळ झालं. राउटरना इंटरनेटची तार जोडूच नका. आत खेळायला बाहेरचं जग लागत नाही. नेटवर्कला असं नाव द्या की चुकून दुसऱ्याशी गल्लत होणार नाही. माझ्याचं नाव 'हात लावू नका' आहे आणि हात मीच लावतो. सराव ५ गिगाहर्ट्‌झवर करा, त्या लहरी चिऱ्याच्या भिंतीपुढे लवकर हार मानतात. राउटरची पॉवर सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात कमी करा, दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर ठेवा. टूल कुठलंही असो, आधी यादी द्या, मग सुरू करा (वरची मावशी आठवा).

पुष्कळ व्हिडिओंत अडॅप्टरला 'तू बोलिव्हियात आहेस' असं सांगून पॉवर वाढवायला शिकवतात. आपण फोंड्यात आहोत, पॉवरचे नियम इथलेच लागतात.

जुन्या तंत्रांवर हात बसवायला डब्ल्यूईपी ही वायफायची जुनी सुरक्षा-पद्धत लावून बघा. २००१ मध्येच तिचं गणित मोडलं, तरी अमेरिकेतली टीजेएक्स ही दुकानांची साखळी ती वापरत राहिली. मियामीतल्या टोळीनं गाडीत लॅपटॉप आणि अँटेना घेऊन फिरता फिरता एका दुकानाचं वायफाय गाठलं आणि तिथून ४ कोटींहून जास्त कार्डांचे नंबर नेले. म्होरक्या आल्बर्ट गोन्झालेझला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. गाडीतून फिरत नेटवर्क हुंगण्याचा छंद मला आवडत नाही त्याचं हेही एक कारण.

मुलगा बारावीला आहे, रात्रभर हेच करतो. थांबवू?

राउटर काढून घेतलात तर तो शेजाऱ्याच्या वायफायवर जाईल. त्यापेक्षा त्याला तो टेबलावरचा संच करून द्या आणि त्यानं काय केलं ते आठवड्यातून एकदा तुम्हाला समजेल अशा मराठीत सांगायला लावा. सांगताना जिथे तो अडखळेल तिथे पुढचा प्रश्न विचारा. आणि पोलीस पडताळणी नोकरीलाही लागते, पासपोर्टालाही, हे एकदा त्याच्या कानावर घाला. एकदाच, रोज नको.

माझ्याच वायफायवर कुणी हे करतंय असा संशय आहे.

दहापैकी नऊ वेळा कनेक्टर गंजलेला असतो. पावसाळ्यात आधी तो बघा. तरी संशय उरला तर राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ असेल तर लावा, नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि पासवर्ड लांब. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून १० कोटींऐवजी ११ हजार प्रयत्नांतच सापडतो, हे २०११ पासून जगाला माहीत आहे. राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड 'ॲडमिन' असेल तर तो आत्ता, हे वाचता वाचता बदला. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. बाकी तक्रारीसाठी रायबंदरचं सायबर क्राइम पोलीस ठाणं आहे. उलट हल्ला करायला स्वतः बसू नका.

सरावाला जुना राउटर कुठे मिळेल?

पावसाळा संपला की माझ्याकडे ढीग असतो. अर्धे विजेनं मेलेले, बाकीचे चालतात, दीडशे रुपयांना एक. देण्याआधी मी ते रिसेट करतो, कारण आत जुन्या मालकाचं वायफायचं नाव, पासवर्ड, कंपनीचं लॉगिन सगळं तसंच पडलेलं असतं. गेल्या दिवाळीत घाईत एक तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर करतोय तोच मुलगा तो घेऊन दारात. म्हणाला, 'काका, आत कुणाचं तरी नाव दिसतंय. तिथेच बंद केला.' मी त्याच्यासमोर रिसेट केला. दीडशे रुपये घेतलेच, लॅनची तार मात्र फुकट दिली.